कोत द्यु रोन: चांगल्या बाटलीची चव बिघडवणाऱ्या चुका

'ही वाइन फार जळजळते' अशी तक्रार कोत द्यु रोनच्या रेडबद्दल वारंवार ऐकू येते. अशा वेळी मी आधी विचारतो, बाटली कुठे ठेवली होती? बहुतेकदा उत्तर एकच येतं: स्वयंपाकघरातल्या कपाटात.

दक्षिण फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली ही वाइन. १९३७ साली तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ती एका द्राक्षाची नसते, आणि लेबलवर द्राक्षांची नावं बहुधा नसतात. मुख्य द्राक्ष ग्रनाश: स्ट्रॉबेरीसारखा गोडसर वास, अंगाने गुबगुबीत, तुरटपणा कमी, अल्कोहोल मात्र जास्त. सिरा हे दुसरं द्राक्ष वाइनला गडद रंग आणि काळ्या मिरीचा वास देतं. मिरीला तिखट वास देणारा रोटुंडोन नावाचा घटक सिराच्या सालीतही असतो. मूर्वेद्र या तिसऱ्या द्राक्षामुळे तुरटपणा आणि काहीसा मांसल वास येतो. तिघांचा तोल सांभाळला तर ही वाइन फार सुंदर लागते.

तो तोल सगळ्यात आधी उष्णतेने जातो. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या जुन्या, गार दगडी घरांसाठी होतं. मे महिन्यात पुण्या-मुंबईतल्या खोलीत पारा ३०च्या वर असतो. एवढ्या उष्णतेत साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल नाकात चढतं, ग्रनाशचं फळ शिजवल्यासारखं लागतं आणि मिरीचा वास दबून जातो. १६ ते १८ अंश हवेत. त्यासाठी बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं. फार गार केली तर उलटं होतं: वास मुका होतो, तुरटपणा टोचतो. मग ग्लास तळहातांत धरून थोडा वेळ थांबा. ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे घुसळायला जागा राहील.

दुसरी चूक ताटातली. मटण आहे म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन काढली जाते. मिरची आणि अल्कोहोल, दोघांनीही तोंडात आग होते; एकत्र आले की फळाची चव उरतच नाही. हिचं खरं जेवण दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांताचं आहे: वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं बीफ, म्हणजे दोब, लसूण-रोझमेरी लावून भाजलेला मेंढीचा पाय, वांगी-टोमॅटो-सिमला मिरचीची रातातुई, काळ्या ऑलिव्हची चटणी, म्हणजे तापनाद. तिथल्या माळरानावर थाइम, रोझमेरी आपोआप उगवतात आणि तसाच रानवास या वाइनमध्येही येतो, म्हणून जोडी जमते. आपल्याकडे भाजलेलं वांगं किंवा मिरची बेताची असलेलं, मिरी-लसणाचं भाजकं मटण याच्या जवळ जातं.

बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर मात्र घेऊ नका. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तोंडात शिळ्या माशाचा वास राहतो. व्हिनेगर घातलेल्या सॅलडपुढेही ही वाइन फिकी पडते.

बूच काढल्यावर उकडलेल्या अंड्यासारखा किंवा विझलेल्या काडीसारखा वास आला तर बाटली ओतून देऊ नका. सिरा असलेल्या वाइनमध्ये हे घडतं. हवा कमी मिळाल्याने गंधकाचे वास साचतात. वाइन जगमध्ये उंचावरून ओता, वीस मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा वास जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर दोष बुचातून आलेला असतो आणि त्यावर उपाय नाही. बाटली दुकानात परत न्या.

उरलेली बाटली टेबलावर राहू देऊ नका. ग्रनाशला हवा लवकर बाधते. रंग विटकरी होतो, फळ ओसरतं. बूच लावून उभी फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.