नावाचा अर्थ नंतर, आधी हाक ऐका : डिस्टोपियन कादंबऱ्या अभ्यासायला घेणाऱ्यांसाठी

'व्यक्ती विरुद्ध समाज' हा विषय प्रकल्पाला घ्यायचा, त्यासाठी एखाददुसरी डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यातला समाज रंगवणारी, कादंबरी निवडायची आणि मध्ये कुठेतरी पात्रांच्या नावांवर एक प्रकरण टाकायचं, ही वाट आता चांगलीच मळलेली आहे. वाट वाईट नाही. मीही एम.ए.ला त्याच वाटेने गेले आणि आता पदवीच्या मुलांचे असे प्रकल्प वाचते. नावांचं प्रकरण उघडलं की पहिल्या पानावर काय असणार हे बहुतेक वेळा न वाचताही सांगता येतं. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चा नायक विन्स्टन स्मिथ असेल, तर विन्स्टन म्हणजे चर्चिल, स्मिथ म्हणजे कोणीही सोम्यागोम्या, म्हणून विन्स्टन स्मिथ म्हणजे सामान्यांतला असामान्य. त्याखाली बाळांची नावं सुचवणाऱ्या साइटवरून उचललेला एखादा अर्थ. झालं प्रकरण.

यातलं काही खोटं नाही. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ची. नायकाचा जन्म १९४४ किंवा १९४५चा, त्यामुळे इंग्लंडातल्या त्या बाळाचं नाव कोणावरून ठेवलं असेल हे उघडच आहे. पण एवढं कळल्यावर कादंबरीबद्दल नवीन काय कळलं? नावाचा अर्थ हा या कादंबऱ्यांतला सगळ्यात स्वस्तात मिळणारा पुरावा आहे. नाव ठेवलं कोणी, त्या नावाने हाक कोण मारतं, कोणाला ते ठाऊकच नसतं आणि कोणाचं नाव तोंडातून काढायलाही बंदी असते, हे पाहायला लागलात की व्यक्ती आणि समाजाचं भांडण आपोआप पानावर उतरतं.

विन्स्टनचंच घ्या. सकाळच्या व्यायामात तो नीट वाकत नाही म्हणून घरात पाळतीला लावलेला टेलिस्क्रीन त्याला '६०७९ स्मिथ डब्ल्यू.' असं दरडावतो. शेजारी राहणारा पार्सन्स त्याला 'स्मिथ' म्हणतो. ज्युलियाचं नाव त्याला बराच काळ माहीत नसतं. तिने प्रेमाची चिठ्ठी हातात सरकवली तेव्हाही त्याच्या लेखी ती 'काळ्या केसांची मुलगी' असते. रानात पहिल्यांदा एकांत मिळाल्यावर तो नाव विचारतो. ती सांगते आणि वर म्हणते, तुझं मला माहीत आहे. तिचं आडनाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. आणि मग तिसऱ्या भागात, यातना देत असताना, सत्ताधारी पक्षातला ओब्रायन त्याला जिव्हाळ्याच्या माणसासारखा पुन्हापुन्हा 'विन्स्टन' म्हणत राहतो. आकड्याने बोलावणारी सत्ता जास्त भयंकर की पहिल्या नावाने बोलावणारी? हा प्रश्न विचारलात की प्रकरणाला विषय मिळाला. 'नंबर म्हणजे गुलामी, नाव म्हणजे स्वातंत्र्य' हे समीकरण तिथल्या तिथे गळून पडतं.

याच कादंबरीतला साइमही विसरू नका. तो नवभाषेच्या, म्हणजे सत्तेने घडवलेल्या भाषेच्या, कोशावर काम करणारा, पक्षाचा कडवा भक्त. एक दिवस तो कामावर येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा विषयही कोणी काढत नाही. तिसऱ्या दिवशी विन्स्टन सूचनाफलक बघायला जातो. तिथे बुद्धिबळ समितीच्या सदस्यांची छापील यादी लावलेली असते आणि साइम त्या समितीत होता. यादीत काही खोडलेलं नाही, ती जवळजवळ पूर्वीसारखीच दिसते. फक्त एक नाव कमी आहे. माझ्या मते अख्ख्या कादंबरीतली ही सगळ्यात भीतिदायक जागा आहे, शेवटी विन्स्टनला ज्याची भीती घालतात त्या उंदरांच्या पिंजऱ्यापेक्षाही. तिच्याशेजारी कॉम्रेड ओगिल्व्ही ठेवा. नकोशा झालेल्या एका अधिकाऱ्याची जुनी स्तुती वर्तमानपत्रातून काढून टाकायची असते, म्हणून विन्स्टन स्वतःच हा वीरपुरुष मनातून घडवतो आणि मोकळ्या जागी बसवतो. आपला नायक ते काम मन लावून, जरा मजा घेत करतो. बंडखोर आणि आज्ञाधारक अशी पात्रांची दोन गटांत वाटणी करणाऱ्यांनी विन्स्टनला कुठे टाकायचं, आणि निष्ठा असूनही नाहीसा झालेल्या साइमला कुठे?

पद्धत म्हणाल तर अगदी कारकुनी आहे. पहिलं वाचन सरळ, पेन्सिल न घेता करायचं. दुसऱ्या वाचनाला एक वही घ्यायची आणि जिथेजिथे कोणी कोणाला नावाने, नंबराने, हुद्द्याने किंवा टोपणनावाने बोलावतं तिथला पानक्रमांक लिहायचा : कोण, कोणाला, कोणत्या रूपात, तिथे आणखी कोण हजर आहे. ई-बुक असेल तर नाव शोधून सगळ्या जागा पटापट मिळतात, पण ज्या जागी नाव असायला हवं होतं आणि नाही, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे. समीक्षकांचे लेख वाचण्याआधी मात्र ते उरकून घ्या. एकदा मोठ्या समीक्षकाचं मत डोक्यात बसलं की वहीत फक्त त्याला दुजोरा देणाऱ्या नोंदी उतरायला लागतात.

नंबरवाल्या कादंबऱ्या नवख्यांना सोप्या वाटतात. या प्रकारातली मूळ कादंबरी म्हणजे झाम्यातिन यांची 'वी'. १९२०-२१मध्ये लिहिलेली, १९२४ला आधी इंग्रजीत छापली गेलेली आणि सोव्हिएत संघात थेट १९८८ला प्रसिद्ध झालेली. लेखक पेशाने जहाजबांधणीचा इंजिनिअर, नायकही अंतराळयान बांधणारा इंजिनिअर. इथे माणसांना 'नंबर' असंच म्हणतात आणि त्यालाही नियम आहे. पुरुषांना व्यंजन आणि विषम संख्या (डी-५०३, आर-१३), बायकांना स्वर आणि सम संख्या (ओ-९०, आय-३३०). म्हणजे स्त्री-पुरुष हा एवढा एक भेद राज्याने नोंदवण्याजोगा मानला आहे. गंमत पुढे आहे. निवेदक पक्का राजनिष्ठ, पण त्याला ओ-९० सगळीकडून गोल दिसते, तिच्या रोमन अक्षरासारखी, आणि पाळतीवर असलेला एस-४७११ दुहेरी वाकलेला दिसतो. राज्याने दिलेल्या क्रमांकातही तो माणूस बघायला लागतो आणि आपण काही गुन्हा करतोय हे त्याच्या गावीही नसतं. व्यक्तिपण शोधायचं तर बंडाच्या प्रसंगांआधी अशा ठिकाणी शोधा.

हक्सली यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) उलटं आहे. तिथे सगळ्यांना नाव-आडनाव आहे आणि तीही बडी. मार्क्स, ट्रॉट्स्की, हूवर, वॉटसन. यावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्यापेक्षा जाता जाता आलेलं एक वाक्य महत्त्वाचं आहे. जगाची लोकसंख्या दोन अब्ज आणि तेवढ्या माणसांत मिळून नावं फक्त दहा हजार. म्हणजे नाव वाटून दिलेलं आहे, त्यात अर्थ शोधणाऱ्याची लेखक जरा थट्टाच करतोय. बर्नार्ड मार्क्सचं 'क्रांतिकारक' आडनाव पाहून त्याला बंडखोर ठरवायची घाई नको. तो आपल्या वर्गातल्या इतरांपेक्षा बुटका आहे, लोक त्यावरून कुजबुजतात, म्हणून तो कुढतो. जंगली मानलेल्या जॉनला घेऊन आल्यावर बायका आणि मानमरातब चालून येतात, तेव्हा त्याची सगळी तक्रार विरघळते. डावललं गेल्याचा राग आणि स्वतंत्र बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याच्या प्रकल्पात दिसतो त्याला मी बिनधास्त जास्त गुण देते.

लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' (१९९३) मुलांसाठीची म्हणून कोणी बाजूला ठेवतं. ठेवू नका. नावांच्या बाबतीत एवढं खोदकाम करू देणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. तिथे बाळाला आधी क्रमांक मिळतो. नाव आणि घर मिळतं ते एक वर्षाचं झाल्यावर, डिसेंबरमधल्या समारंभात. नायक जोनासचे वडील बाळांच्या संगोपनकेंद्रात काम करतात. एक बाळ नीट वाढत नाही, तेव्हा ते नियम मोडून नामकरणाची यादी चोरून बघतात. आधीपासून नावाने हाक मारली तर कदाचित त्याच्या अंगी लागेल, असा त्यांचा भाबडा विचार. ते गॅब्रिएलला घरी आणतात आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचा लळा लावून न घेण्याच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. पुढे जुळी मुलं जन्मतात. हेच वडील दोघांचं वजन करतात, हलकं भरलेल्याला सुई टोचून मारतात आणि बाळांशी बोलतात त्याच लाडिक सुरात त्याचा निरोप घेतात. त्या बाळाला नाव नाही. हा माणूस नियम मोडणारा की पाळणारा? वाईट की प्रेमळ? पहिल्याच वाचनात उत्तर देणाऱ्यांनी दोन्ही प्रसंग पुन्हा शेजारी ठेवून वाचावेत. त्याच समाजात नदीत बुडालेल्या केलेबचं नाव सगळे मिळून हळूहळू क्षीण करत पुसतात आणि नंतर नव्या बाळाला तेच देतात, तर एका मुलीचं नाव कायमचं वर्ज्य ठरवतात. नाव परत वापरणं आणि नाव बंद करणं, दोन्ही शिक्षाच आहेत का, यावर एक स्वतंत्र निबंध होईल.

आयन रँड यांची 'अँथम' (१९३८) छोटी असल्यामुळे फार घेतली जाते. 'इक्वॅलिटी ७-२५२१' हा नायक 'मी' हा शब्दच नसलेल्या जगातून पळतो आणि अखेरीस स्वतःचं नाव प्रॉमिथियस ठेवतो. इथे टाळ्या वाजवून विद्यार्थी थांबतात. पुढच्या ओळी वाचा. तो त्याच्या प्रेयसीलाही गीया हे नाव देतो आणि ती ते स्वीकारते. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा जयघोष केल्यावर तिचं नाव तिने का ठेवलं नाही? लेखिकेने हा प्रश्न विचारलेला नाही, म्हणूनच तो तुम्ही विचारायचा. माझ्या गाईडला हा मुद्दा ताणलेला वाटला होता. मला आजही वाटत नाही.

आता व्हायव्हाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं. 'हा अर्थ लेखकाच्या मनात होता कशावरून?' हा प्रश्न येतोच येतो. त्याची तयारी म्हणून पुराव्याचे थर वेगळे ठेवा. पुस्तकात लिहिलेलं काय, लेखक बाहेर काय म्हणाला आणि वाचकांनी काय काढलं. 'फॅरनहाइट ४५१'मधला मॉन्टॅग म्हणजे कागद बनवणारी कंपनी आणि फेबर म्हणजे पेन्सिली बनवणारी, हे आपल्याला खूप नंतर लक्षात आलं असं ब्रॅडबरी यांनीच लिहून ठेवलंय. 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) निवेदिकेचं ऑफ्रेड हे नाव 'फ्रेडची' या अर्थाने मालकावरून पडलेलं, हे पुस्तकातलं. तिचं खरं नाव जून, हे वाचकांनी ताडलेलं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी कुजबुजलेल्या नावांपैकी तेवढं एक पुढे कोणाचं म्हणून येत नाही, यावरून. माझ्या मनात तसं नव्हतं पण जुळतंय, हवं तर घ्या, असं लेखिका अ‍ॅटवूड २०१७मध्ये म्हणाल्या. हे तीन थर एका वाक्यात कालवले की परीक्षक पकडतात. वेगळे मांडले तर 'लेखकाच्या मनात नव्हतं, तरी मजकुरात आहे' असं ठामपणे म्हणता येतं. त्याच कादंबरीत निवेदिकेची सोबतीण ऑफग्लेन एक दिवस बदललेली असते. तिच्या जागी आलेली दुसरीच बाई शांतपणे सांगते की मीच ऑफग्लेन. अशा प्रसंगाला कोणाच्या मुलाखतीचा आधार लागत नाही.

पुस्तकं निवडताना दोन्ही नंबरवाली घेऊ नका, तुलनेला काही उरत नाही. एक 'वी' किंवा ऑर्वेल घ्या आणि दुसरी इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' (२००५). तिथे कॅथी एच., टॉमी डी. अशी साधी नावं आहेत, आडनावाच्या जागी नुसतं अक्षर. अवयव काढून घेण्यासाठी वाढवलेली ही मुलं आहेत. पोलीस नाहीत, टेलिस्क्रीन नाहीत, कॅथी तर एकटी गाडी घेऊन लांबलांब फिरते. मग ती पळून का जात नाहीत, हे परीक्षक विचारणारच. 'त्यांच्यावर तसे संस्कार झाले होते' एवढ्यावर भागवू नका. लहानपणी मुलांची चित्रं निवडून नेणाऱ्या मॅडमच्या दारात उभे असलेले टॉमी आणि कॅथी दाखवा. ते सुटका मागायला आलेले नाहीत. आपलं एकमेकांवर खरं प्रेम आहे, तर अवयव देण्याला तीन वर्षांची मुदतवाढ मिळावी, एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि आपण पात्र आहोत हे पटवायला टॉमीने स्वतः काढलेली चित्रं पिशवीतून आणली आहेत. त्यांचं सगळं वेगळेपण त्या चित्रांत आहे आणि तेही त्यांनी अर्जाला जोडलंय. या प्रसंगावर दोन पानं लिहून ठेवा, व्हायव्हात बाकी काही सुचलं नाही तरी तेवढी पुरतात.