कंबर-मान धरलेल्या शिलाई कारागिराला घरी बसवू नका, आधी मशीन बदला

मार्च लागला की सोलापुरात युनिफॉर्मच्या युनिटमध्ये रात्री उशिरापर्यंत मशीनी चालू असतात, जूनला शाळा उघडायच्या आत माल जायला लागतो ना. आणि नेमकं तेव्हाच वीस-वीस वर्षं शिवणारा कारागीर म्हणतो, मालक आता बसवत नाही. कॉलर लावायचा त्याचा हात दुसऱ्याला यायला वर्षं जातात, म्हणून मालक लोकांनो, मास्तर लोकांनो, त्याला सोडायच्या आधी एवढं करा.

पहिलं म्हणजे त्याला विचारा की नक्की कुठल्या कामाला दुखतं, आणि तो शिवत असताना मोबाईलवर बाजूने फोटो काढा. मान खाली गेलेली दिसली तर टेबल बुटकं आहे. स्टँडचे बोल्ट सैल करून टेबल थोडं थोडं वर घ्या, कोपराच्या उंचीला किंवा बोटभर वर. स्टूल काढून पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या, चाकं असतील तर काढून टाका. सुईपाशी छोटा एलईडी लावा, उजेड कमी म्हणून पण माणूस वाकतो.

मोटर बदलणं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. जुनी क्लच मोटर दिवसभर घरघरत असते आणि पॅडल दाबायला पायाचा जोर लागतो. सर्व्हो मोटर पॅडल दाबल्यावरच फिरते, हलकी चालते, स्पीड कमी ठेवता येतो आणि लाईट बिल पण वाचतं. एका पायाला पोलिओ असेल तर मेकॅनिकला सांगून पॅडल चांगल्या पायाखाली सरकवून घ्या. दोन्ही पाय चालत नसतील तर स्टार्ट-स्टॉप बटणाचं इलेक्ट्रॉनिक घरगुती मशीन बघा, जाड कापडाला नाही पण अल्टर आणि हलक्या कामाला चालतं.

अंगठा, मनगट दुखत असेल त्याला कात्री देऊच नका, कटिंग दुसऱ्याकडे. रात्री बोटं बधिर होत असतील तर लवकर डॉक्टरला दाखवा. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर नको.

आता पैशाचं. पीस रेटवर, म्हणजे नगाप्रमाणे पैसे, असं काम असलं की माणूस उठतच नाही, दुखत असलं तरी रेटतो. अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठणं मालकाने स्वतः लावून द्यावं, आणि स्पीड कमी झाला म्हणून रेट पाडू नये, उलट सॅम्पल बनवणं, कॉलर, चेकिंग अशी डोक्याची कामं रोजंदारीवर द्यावीत. हे सगळ्यात अवघड आहे पण याच्याशिवाय बाकीचं टिकत नाही.

कागदपत्रं पण करून ठेवा. यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, त्याचा अर्ज ऑनलाईन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतं. नुसत्या दुखण्यावर टक्के मिळत नाहीत, हालचाल किती गेली ते बघतात, म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. घरी स्वतःचं शिवणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागीर योजनेचं सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाईन अर्ज भरून देतात तिथे) विचारावं, त्यात शिंपीकाम आहे, अवजारांना १५,००० रुपयांपर्यंत मिळतात.

आणि हे बदल जानेवारीतच करून घ्या, मार्चनंतर मेकॅनिकला फोन उचलायला वेळ नसतो आणि कारागिराला पण नवीन पॅडलची सवय व्हायला थोडे दिवस लागतात की ओ.