ब्रेकचा होज बदलताय? या चुका टाळा

करूळ घाट उतरून वैभववाडीत पोचलात आणि पुढचं एकच चाक इतकं तापलंय की हात लावू देत नाही, गाडीही त्याच बाजूला ओढते. बहुतेक जण अशा वेळी थेट कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलतात. नवा कॅलिपर बसतो, त्रास मात्र तसाच. कारण होजच्या, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या, आतलं रबर फुगलेलं असतं. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जातं, पाय उचलल्यावर परत यायला मात्र तेवढा जोर नसतो. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, तिथेच माणूस फसतो.

कॅलिपर विकत घेण्याआधी एवढं करा. चाक धरलेलं असतानाच गाडी जॅकवर उचलून स्टँड लावा. होजच्या वरच्या टोकाला लोखंडी पाइपचा नट असतो, तो किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) बाजूला. नाही सुटलं तर नट आवळून कॅलिपरचं निपल (ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडा. आता ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर होजच आतून बंद आहे. तरीही जाम असेल तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात.

चिखलाने माखलेला होज तपासणं म्हणजे न तपासणंच. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी उसाच्या फडापर्यंत जाते, तेव्हा आधी साध्या पाण्याने धुवा. पेट्रोल-डिझेल नको, त्याने रबर सडतं. होज हलका वाकवून टोकांजवळच्या भेगा बघा. मग इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक घट्ट दाबायला सांगा. कुठे फुगा आला किंवा ओल दिसली, तर होज बदला. एक्सलवरचे दोन्ही एकदमच बदलावेत, असं माझं मत.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे होज क्रिंप करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) मिळतात, म्हणून 'त्यातलाच एक ब्रेकला करून द्या' म्हणणारे भेटतात. अजिबात नको. ते रबर खनिज तेलासाठी असतं, डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं.

पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणं आणि ऑइल थांबवायला होज ग्रिप प्लायरने चिमटणं, या दोन्हींनी आतलं रबर दुखावतं. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधा. पाइपच्या नटाला साधा पाना लावलात तर कडा झिजतात. त्याचा खास पाना मिळतो. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच. होजवर रेघ असेल तर ती सरळ हवी, पीळ नको. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून होज टायरला घासत नाही ना, ते पाहा.

रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा. निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्या ऑइलमध्ये किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मॅन्युअलमधल्या क्रमाने ब्रेकच्या पाइपांतली एअर काढा, ब्रेक दाबून सगळे सांधे कोरडे आहेत का बघा. पहिली चाचणी सपाट मोकळ्या रस्त्यावर, हळू. पन्हाळा नंतर.