लेव्होडोपा चालू असलेल्या रुग्णाची होमोसिस्टीन तपासणी कशी करून घ्यावी

पार्किन्सनसाठी लेव्होडोपाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेले आढळू शकते. ही गोळी पचवताना शरीर तिच्या काही भागाला मिथाइल गट जोडते आणि त्या प्रक्रियेच्या अखेरीस होमोसिस्टीन तयार होते. त्याचा निचरा होण्यासाठी बी-१२, फोलेट आणि बी-६ ही जीवनसत्त्वे लागतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरातील, दूधदहीही बेताचेच घेणाऱ्या आणि म्हणून बी-१२ कमी पडू शकणाऱ्या रुग्णाची ही तपासणी व्हावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचे असले तरी पार्किन्सनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नये. खरी काळजी घ्यायची ती नमुन्याची. रक्त काढल्यानंतरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन तयार करतच राहतात, म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्तातला पेशींवेगळा द्रव भाग) वेगळा करावा लागतो. सिन्नर किंवा दिंडोरीकडच्या घरी नमुना घेऊन मे महिन्याच्या उन्हात दुचाकीवरून नाशिकला आणला, तर आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो. रुग्णाला चालवत असेल तर त्यालाच लॅबमध्ये न्यावे; नाहीतर नमुना घ्यायला येणाऱ्याकडे बर्फाचा डबा आहे ना, हे फोनवरच विचारून घ्यावे.

साधारणपणे ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर ही पातळी सामान्य मानतात. आकडा त्याहून जास्त आला तर बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईडही पाहावे लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्यानेही बी-१२ कमी होते.

वाढलेल्या होमोसिस्टीनमुळेच पार्किन्सन होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि ते उतरल्याने आजार थांबत नाही. तरीही तपासणीचे मोल मोठे आहे, कारण तळपायाला मुंग्या येणे, तोल जाणे, विसरायला होणे ही बी-१२च्या कमतरतेची लक्षणे घरात सर्रास पार्किन्सनच्या खाती टाकली जातात आणि उपचार असलेले दुखणे तसेच राहून जाते.

मात्र मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. नुसत्या फॉलिक ॲसिडने (म्हणजे गोळीतल्या फोलेटने) रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ अभावी नसांची हानी चालूच राहते. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच नसा बधिर होतात. लेव्होडोपाही आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेली मात्रा काही महिने घेतल्यावर, त्यांनी सांगितलेल्या वेळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी करावी.