मोडलेली सवय पुन्हा कशी सुरू करावी

रोज चालणे, ठरलेल्या वेळी झोपणे, जेवणातले मीठ कमी करणे यांपैकी कोणतीही सवय सुरू करणे फारसे अवघड नसते. मी गेली चौदा वर्षे रोज चालते आहे आणि या काळात ही सवय माझ्याकडून निदान दहा-बारा वेळा मोडली आहे. म्हणूनच सवयींविषयीचे सल्ले वाचताना मला दरवेळी एकच गोष्ट खटकते. सुरुवात कशी करावी यावर पानेच्या पाने लिहिलेली असतात आणि खंड पडल्यावर काय करावे यावर ‘निश्चय ढळू देऊ नका’ एवढे एक वाक्य असते. आरोग्यावर खरा परिणाम होतो तो वर्षानुवर्षांच्या बेरजेचा, आणि इतक्या वर्षांत आजारपण, प्रवास, घरातल्या अडचणी येणारच. त्यामुळे या लेखात सुरुवातीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून मी खंडाकडे वळणार आहे.

पहिली पायरी म्हणजे एका वेळी एकच सवय निवडणे. कोणती निवडावी हे सुचत नसेल तर चालणे निवडावे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसभर बसून बस चालवणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. चालक मुळात अधिक स्थूल होते हे पुढे दिसून आले, त्यामुळे सगळा फरक जिन्यांमुळे पडला असे म्हणता येत नाही. पण शारीरिक हालचाल हृदयाला हितकारक असते, ही गोष्ट त्यानंतरच्या कितीतरी अभ्यासांतून पक्की झाली आहे.

दुसरी पायरी : ती सवय रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला जोडावी. ‘सकाळी चालेन’ असे न ठरवता ‘दात घासून झाले की बूट घालेन’ असे ठरवावे.

तिसरी पायरी : सवयीचे सर्वांत लहान रूप आधीच ठरवून ठेवावे. माझ्यासाठी ते पाच मिनिटांचे चालणे आहे. ‘एवढ्याने काय होणार’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीची शिफारस करते, आणि हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजावी ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली नाही. म्हणजे पाच मिनिटेही हिशेबात धरली जातात. याउलट रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावामुळे, आणि त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तो आकडा गाठता आला नाही म्हणून चालणेच सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

आता चौथी पायरी, म्हणजे खंड पडल्यानंतर परत येणे. इथे मी अनेकदा अडखळले आहे.

चालायला लागून वर्ष-दीड वर्ष झाले असताना मला ताप आला आणि नऊ दिवस घराबाहेर पडता आले नाही. दहाव्या दिवशी बुडालेले चालणे भरून काढायचे, असे मी ठरवले. रोज अर्धा तास चालणारी मी, त्या दिवशी सव्वा तास चालले, दुसऱ्या दिवशीही तेवढेच चालले आणि त्याबद्दल मला समाधानही वाटले. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली. ते दुखणे पुढे तीन महिने पुरले. तापाने माझे नऊ दिवस घेतले होते. भरपाईच्या हट्टाने तीन महिने घेतले.

यामागचे कारण मला फार नंतर कळले. व्यायामाच्या ताणाशी हृदय आणि स्नायू जितक्या लवकर जुळवून घेतात, तितक्या लवकर स्नायुबंध आणि पायाच्या तळव्यातील ऊती जुळवून घेत नाहीत. त्यामुळे खंडानंतर दम लवकर परत येतो, आपल्याला उत्साह वाटतो आणि टाच मात्र अजून तयार झालेली नसते. म्हणून माझा पहिला ठाम नियम असा आहे की बुडालेल्या दिवसांची भरपाई कधीही करू नये. ते दिवस गेले. परतल्यावर पहिले तीन दिवस, कितीही उमेद वाटली तरी, तिसऱ्या पायरीत ठरवलेले लहान रूपच करावे आणि मग आठवड्याभरात हळूहळू मूळ प्रमाणावर यावे. अंगात ताप असताना व्यायाम करू नये. परतल्यानंतर छातीत दुखले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा नियम मनाशी संबंधित आहे. सवय २१ दिवसांत लागते हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की लोक बाविसाव्या दिवशी चुकले की स्वतःलाच दोष देऊ लागतात. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या शल्यविशारदाने १९६० साली नोंदवलेल्या एका निरीक्षणात सापडते. शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असे त्यांना दिसले होते. ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात कृती अंगवळणी पडण्याचा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत इतका वेगवेगळा निघाला (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज होते) आणि मध्यक, म्हणजे निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त काळ लागतो तो आकडा, ६६ दिवसांचा होता. मला त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही. तेव्हा चुकलेल्या एका दिवसाची चिंता करू नये. सगळी काळजी त्याच्या पुढच्या दिवसाची घ्यावी आणि परतण्यासाठी सोमवारची, एक तारखेची किंवा नव्या वर्षाची वाट पाहू नये. मी आता आदल्या रात्रीच बूट दाराशी काढून ठेवते, त्यांच्या नाड्या सैल करून ठेवते आणि मोजे बुटांत घालून ठेवते, म्हणजे सकाळी विचार करायला काही उरत नाही.

आजारपण नाही, प्रवास नाही, तरीही सवय सुटली असेल तर स्वतःच्या इच्छाशक्तीची चौकशी करू नये, दुसऱ्या पायरीतली जोडणी तपासावी. एकदा माझ्या कामाची वेळ दोन तासांनी अलीकडे आली आणि चालणे आपोआप बंद पडले. दोन महिने मी स्वतःला आळशी म्हणत राहिले. प्रत्यक्षात सकाळी दात घासल्यानंतर पूर्वी मोकळा असलेला वेळच नाहीसा झाला होता. चालणे संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलण्याला जोडले आणि ते त्याच आठवड्यात पूर्ववत झाले.

पाचवी पायरी : कॅलेंडरवर खूण करावी, आणि लहान रूप केले त्या दिवशीही तीच पूर्ण खूण करावी.

दुसरी सवय कधी जोडावी, असे मला विचारले जाते. पहिली सवय एकदा मोडून, तुम्ही तिच्याकडे स्वतःहून परत आला असाल, तर जोडायला हरकत नाही. तोपर्यंत थांबावे.