मनातले मांडे ताटात आणताना: काटकसरीच्या घरात चैन करायची तर या चुका टाळा

काटकसरीच्या घरात उघड केलेल्या चैनीपेक्षा लपवलेल्या चैनीतच पैसा जास्त जातो. पाव किलो कुंदा (दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई), मुलांचा वडापाव, येता येता घेतलेला गजरा, सगळं वहीत ‘किराणा’ म्हणून लिहिलं जातं. महिनाअखेरीला किराणा का फुगला ते कुणालाच कळत नाही, आणि कात्री लागते ती दुधाला नाहीतर फळांना. चुकतं ते नेमकं इथे.

चैनीला वहीत नाव नसणे

वहीच्या एका पानावर ‘चैन’ असं स्पष्ट लिहा. हातात येणाऱ्या पगाराच्या ३ ते ५ टक्के रक्कम त्या पानाची. ३०,००० रुपये येत असतील तर ९०० ते १,५००. कर्जाचे हप्ते पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर गेले असतील तर २ टक्क्यांवर थांबा, पण शून्यावर येऊ नका. शून्य ठेवलेलं पान चार महिन्यांत फुटतं, आणि फुटतं तेव्हा एकदम पाच-सहा हजारांनी.

रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढा. निम्मी महिन्याच्या छोट्या हौसेला, निम्मी मोठ्यासाठी साठवायची. मोठ्यासाठी आपल्या बेळगावकडे पिग्मी, म्हणजे रोज थोडं थोडं भरायची ठेव, उत्तम. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या बँकेने रोज दोन आण्यांपासून सुरू केली आणि आज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्लीबोळांत पिग्मीवाला दारात येतो. रोज २० रुपये भरले तर वर्षाला ७,३०० होतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. मुदतीआधी मोडली की बऱ्याच ठिकाणी व्याज मिळत नाही, वर सेवा शुल्क कापतात. म्हणून खातं उघडतानाच नियम वाचून घ्या आणि दसरा-दिवाळी धरून मुदत ठरवा. दुसरं, पावती किंवा पुस्तकातली नोंद त्याच दिवशी बघा. आठवड्याची एकत्र बघितली तर एखादा दिवस सुटलेला लक्षात येत नाही.

रोख डबा ठेवणार असाल तर तो स्वयंपाकघरात नको. गॅसचं सिलिंडर दारात आलं की हात आधी त्याच डब्यात जातो, आणि ते पैसे परत टाकायचे राहून जातात.

फुकट म्हणून सैल सुटणे

गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, २०० युनिट सगळ्यांनाच माफ, असं धरून घेणारे पुष्कळ आहेत. हिशोब वेगळा आहे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि त्यावर साधारण १० टक्के, एवढीच तुमची माफी. सरासरी ९० असेल तर ९९ युनिट. १३० जाळले तर वरच्या ३१ युनिटांचे पैसे लागतात. पण २०० ओलांडले की माफी संपते आणि पूर्ण बिल भरावं लागतं. आता चैन म्हणून २,००० वॅटचा गीझर बसवला आणि तो रोज पाऊण तास चालला, तर महिन्याला ४५ युनिट वाढतात. दीड टनाचा एसी तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो, रोज पाच तास लावला तर एकटाच २०० च्या आसपास जातो. वस्तू घेण्याआधी मागच्या सहा बिलांतला वापर कागदावर मांडा, त्यात हे युनिट मिळवा आणि मगच दुकानाची पायरी चढा.

शक्ती योजनेचंही तसंच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. तिकीट नाही म्हणून आठवड्यातून तीनदा बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत फेरी झाली आणि दर फेरीला दीडशे रुपये सुटले, तर महिन्याला अठराशे गेले. यादी असल्याशिवाय बसमध्ये चढू नका. आणि आंतरराज्य बसमध्ये ही सवलत चालत नाही. ‘कोल्हापुरात साडी स्वस्त’ हे निपाणीकरांना परवडतं, चाळीसेक किलोमीटर तर जायचं. खानापुरातून तिघं गेली तर जाण्यायेण्याचं तिकीट, दुपारचं जेवण आणि बुडालेला दिवस धरून वाचलेले तीनशे रुपये कधीच संपलेले असतात. बेळगावातच शहापूर, वडगाव, खासबागला विणकर आहेत, आधी तिथे बघा.

अर्धवट चैन

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिचंच जास्त वाईट वाटतं. चैन करायची, पण मन खात असतं, म्हणून स्वस्तातली करायची. मग ती मनासारखी होत नाही आणि आठवड्यात पुन्हा करावी लागते. महिन्यात चार वेळा मिळेल तिथला पाव किलो कुंदा घेण्यापेक्षा एकदाच अर्धा किलो, ताजा, खात्रीच्या दुकानातून घ्या आणि सगळी घरात असताना खा. चांगला कुंदा रवाळ, ओलसर आणि तपकिरी असतो, बोटाने दाबला तर तुपाची चमक दिसते. कोरडा, एकसारखा गुळगुळीत आणि नुसताच गोड लागला तर साखर जास्त आहे. फ्रिजमध्ये तो घट्ट होतो. खाण्याआधी चमचाभर दूध घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता.

घरी करून पैसे वाचवायचा विचार असेल तर हिशोब बघा. २ लिटर म्हशीच्या दुधाचा, १५० ग्रॅम साखर घालून, जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास कुंदा होतो आणि दीड-दोन तास गॅस जळतो. वाचतं थोडंच. करायचाच तर हौसेने करा आणि या तीन ठिकाणी सांभाळा. दही दूध निम्मं आटल्यावरच घालायचं, लिटरला एक मोठा चमचा. पातळ दुधात घातलं तर पनीरसारखे गोळे होतात, दाणा पडत नाही. साखरेतली दोन चमचे साखर वेगळी जाळून घालायची, पण ती मधाच्या रंगावर आली की लगेच. धूर निघाला की कडू झाली, ती फेका. आणि दही पडल्यापासून उलथनं थांबवू नका, बूड लागलं की सगळ्याला करपट वास येतो.

मांडे नगावर मिळतात. बसने न्यायचे असतील तर कडक खोक्यातच न्या, पिशवीत घातले तर घरी चुरा पोचतो.

सोनं म्हणजे बचतच, असं समजणे

दागिन्यात थोडी बचत असते, थोडी चैन. ५०,००० रुपयांच्या सोन्यावर १५ टक्के घडणावळ ७,५०० होते आणि एकूण ५७,५०० वर ३ टक्के जीएसटी १,७२५. बिल ५९,२२५. विकताना घडणावळ आणि कर परत मिळत नाही. म्हणून वहीत ५०,००० बचतीत लिहा आणि ९,२२५ चैनीच्या पानावर. असं लिहिलं की कमी घडणावळीचा साधा गोफ घ्यायचा की नक्षीदार हार, ते आपोआप ठरतं. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, दागिन्यावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

यात्रा उशिरा आठवणे

आपल्या गावांत ग्रामदेवी लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी येते. घरी शे-दीडशे पानं उठतात, आणि कर्ज इथेच होतं. यात्रेत हात आखडता घ्या असं कुणी सांगू नये, माणसं जेवून तृप्त गेली पाहिजेत. फक्त तारीख ठरली त्याच महिन्यापासून वेगळी पिग्मी लावा. १५० पानांना हाडासकट मटण माणशी १८० ग्रॅम धरून २७ किलो लागतं आणि तांदूळ माणशी १०० ग्रॅम धरून १५ किलो. आमंत्रणापेक्षा पाचवा हिस्सा माणसं जास्त धरा. मटण ऐनवेळी दुसरीकडून आणलं की भाव मागतील तो द्यावा लागतो, म्हणून आगाऊ सांगून ठेवा. माहेरवाशिणींच्या साड्यांची रक्कम जेवणात मिसळू नका, तिचा आकडा आधी वेगळा काढा.

लपवणे, आणि नंतर उपास करणे

आठशेची साडी पाचशेला आली असं एकदा सांगितलं की पुढच्या वेळी घरातली माणसं पाचशेतच मागतात. त्यापेक्षा घरात प्रत्येकाला, सासूबाईंनाही, महिन्याला २०० किंवा ३०० रुपये असे द्या की ज्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही.

हात सुटलाच तर तो खड्डा भाजी, फळं, औषध किंवा शाळेच्या फीमधून भरू नका. १,८०० जास्त गेले असतील तर चैनीच्याच पानातून पुढचे तीन महिने ६०० वळते करा. पान ९०० चं असेल तर त्या तीन महिन्यांत ३०० उरतात. तेवढे मात्र खर्च करा, नाहीतर चौथ्या महिन्यात पुन्हा तोच आकडा दिसेल.