जुना ब्राउझर अडून बसला की आधी काय तपासायचं

दाखल्याचा अर्ज सगळा भरून झाला, सबमिटचं बटण दाबलं, तरी पान ढिम्म. जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघायला गेलं तर नुसता पांढरा पडदा. बँकेचं पान उघडताना लाल त्रिकोण आणि इंग्रजीत लांबलचक इशारा. घरात आठ-दहा वर्षांचा संगणक असेल तर हे सगळं ओळखीचं असणार, आणि त्यावरचा निकालही ठरलेला असतो: "साइट डाऊन आहे."

साइट खरोखर बंद आहे का, हे कळायला अर्धं मिनिट पुरतं. फोनचं वायफाय बंद करा आणि तेच पान मोबाइल डेटावर उघडा. तिथेही उघडलं नाही तर खुशाल साइटला बोल लावा आणि संध्याकाळी परत बघा. तिथे उघडलं, तर वायफायवर येऊन पुन्हा उघडा. आता अडलं तर दोष घरच्या नेटचा. दोन्हीकडे चाललं तर मात्र गोम संगणकात आहे, आणि बहुतेक वेळा ती ब्राउझरच्या वयात असते.

संगणक उचलून दुकानात न्यायची घाई करू नका. तिथे सर्दीपासून साथीपर्यंत सगळ्यावर एकच औषध मिळतं: "फॉरमॅट मारूया." विंडोज सातच्या मशीनवर फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज सातच घातलं तर ब्राउझर होता तिथेच राहतो. वर बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड गेले ते गेलेच.

पहिलं काम: घड्याळ बघा

हास्यास्पद वाटेल, पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी वाचा. नुसती वेळ नको, सालसुद्धा.

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २००९ साल दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नसतं. मग "युवर क्लॉक इज बिहाइंड" किंवा "युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा इशारा येतो, आणि तोही एका साइटवर नाही, जवळजवळ सगळीकडे. सगळीकडे एकदम बिघडलं की संशय आधी घड्याळावर घ्यायचा.

आपल्याकडे हा प्रकार पावसाळ्यात जास्त कळतो. एरवी भिंतीवरचा स्विच चालूच राहिलेला असतो आणि संगणकातल्या मदरबोर्डाला, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीला, थोडी वीज मिळत राहते. मृगाचा पाऊस सुरू झाला, करंट जायला लागला, की विजांच्या भीतीने आपण प्लग काढून ठेवतो. मग घड्याळ चालवायचं काम एकट्या छोट्या बॅटरीवर येतं आणि ती संपलेली असली तर उघडी पडते.

विंडोज दहा-अकरावर घड्याळावर उजवं क्लिक करून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा, टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३० आहे ना ते बघा आणि "सिंक नाऊ" दाबा. विंडोज सातवर हेच काम "इंटरनेट टाइम" नावाच्या टॅबमध्ये आहे. झोन चुकलेला असेल तर आकडे हाताने बदलून भागत नाही. नुसते आकडे बरोबर दिसतात आणि आत वेळ चुकीचीच राहते.

तारीख दुरुस्त केली, संगणक बंद केला, प्लग काढला आणि सकाळी पुन्हा जुनंच साल दिसलं, तर बॅटरी गेली. डेस्कटॉपच्या कॅबिनेटचं झाकण काढलं की मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी चपटी चकती दिसते. तिच्यावर सहसा "सीआर २०३२" असं लिहिलेलं असतं. घड्याळाच्या आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत ती सहज मिळते. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका. बाजूची बारीक पट्टी नखाने सरकवली की चकती वर उचलली जाते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. पहिल्यांदा सुरू करताना काळ्या पडद्यावर काहीतरी तक्रार दिसेल आणि एखादी कळ दाबायला सांगेल. घाबरू नका, सेटअपमध्ये जाऊन तारीख भरा आणि सेव्ह करून बाहेर पडा. लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नका.

मग आवृत्ती बघा

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा, हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. एजमध्ये तीन ठिपके, हेल्प अँड फीडबॅक, अबाउट. हे पान उघडलं की ब्राउझर आपणहून नवी आवृत्ती शोधायला लागतो, म्हणजे तपासणी आणि उपाय एकाच ठिकाणी. खाली "रीलाँच" किंवा "रीस्टार्ट" असं बटण आलं तर दाबा.

कित्येकांचं घोडं अडतं ते नेमकं या शेवटच्या क्लिकवर. नवी आवृत्ती उतरलेली असते, पण ब्राउझर पूर्ण बंद होऊन उघडल्याशिवाय ती लागू होत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. टॅब जातील या भीतीने लोक महिनोन्महिने रीलाँच टाळतात. क्रोमचं रीलाँच साधे टॅब परत उघडून देतं, इन्कॉग्निटोमधले (खासगी खिडकीतले) तेवढे जातात. अर्धवट भरलेला अर्ज असेल तर तो मात्र आधी संपवा.

अपडेट सुरू होऊन मध्येच लटकत असेल तर सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे ते बघा. काही जीबी तरी मोकळे हवेत. अँटिव्हायरस आडवा येत असेल तर क्रोमच्या अधिकृत साइटवरून संपूर्ण इन्स्टॉलर उतरवून तो जुन्याच्या वरच चालवा. जुना काढून टाकायची गरज नाही, बुकमार्क जागेवर राहतात. "युवर ब्राउझर इज मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं दिसलं आणि संगणक ऑफिसचा असेल तर तिथल्या सिस्टीमवाल्याला विचारा. घरच्या संगणकावर असं दिसलं तर कुठल्या तरी प्रोग्रामने, बहुधा अँटिव्हायरसने किंवा आगंतुकाने, सेटिंगमध्ये हात घातला आहे.

पांढरं पान आणि मुकं बटण

आजची साइट म्हणजे नुसता मजकूर नसतो, जावास्क्रिप्टचा मोठा प्रोग्राम असतो. या भाषेत दर वर्षी नवी काही भर पडते. जुन्या ब्राउझरला त्यातलं एखादं चिन्ह ओळखता आलं नाही तर तो तेवढं गाळून पुढे जात नाही, ती संपूर्ण फाइलच टाकून देतो. उदाहरणार्थ, प्रश्नचिन्हापुढे टिंब अशी एक खूण क्रोमला ८०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून कळते. त्याआधीच्या क्रोमवर ती आली की खेळ खलास: पान पांढरं राहतं, किंवा दिसतं सगळं पण बटणामागचा प्रोग्राम चाललेलाच नसतो.

याची खात्री घरच्या घरी होते. अडलेलं पान उघडं ठेवून एफ १२ दाबा. बाजूला किंवा खाली एक चौकट येईल, तिथे "कन्सोल" निवडा आणि पान पुन्हा लोड करा. लाल अक्षरांत "सिंटॅक्स एरर" आणि पुढे "अनएक्स्पेक्टेड टोकन" दिसलं तर संशय पक्का झाला असं समजा. अपडेटशिवाय बहुधा इलाज नाही. तसलं काही नसेल तर मात्र अपडेटच्या मागे लागण्याआधी दोन सोपे उपाय करून घ्या.

कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी) आणि त्यात तेच पान बघा. तिथे चाललं तर दोष ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या फाइलींचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा प्रोग्रामचा. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. फाइलींचा साठा साफ करायला कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. त्या यादीत "पासवर्ड्स"पुढे खूण असेल तर ती आधी काढा. हे न बघता "क्लिअर" दाबून लोक स्वतःच्या हाताने पासवर्ड पुसून टाकतात.

रुपयाच्या चिन्हाच्या जागी चौकट दिसते, त्याकडे काणाडोळा केला तरी चालेल. ते चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाहीच. आकडा बरोबरच असतो. आणि एखादं जुनं मराठी पान उघडल्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसली तर ते युनिकोड ही सगळ्यांची सामाईक अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फाँटचं काम, नव्या ब्राउझरनेही सुधारत नाही.

"तुमचा ब्राउझर जुना आहे" असं पानच सांगत असेल तर

सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या साइटवर अचानक झकास सजवलेली पाटी येते: ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करून अपडेट करा. बोधचिन्ह हुबेहूब असतं. क्लिक केलं की एक फाइल उतरते आणि ती अपडेट नसून व्हायरस असते. एरवी सभ्य असलेली साइट कोणी हॅक केली तरी तिच्यावर अशी पाटी लागू शकते.

ओळखायची खूण सोपी आहे. खरं अपडेट ब्राउझरच्या मेनूतून येतं, पानाच्या पोटातून नाही. एखादी बँक किंवा सरकारी साइट "अपडेट करा" असं सुचवेल, ते खरंही असेल, पण तिथल्या बटणावर क्लिक न करता वर सांगितलेल्या हेल्प-अबाउटच्या वाटेनेच जा. "फ्लॅश प्लेयर अपडेट करा" असं दिसलं तर विचारच करू नका: फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला.

तसंच लाल इशाऱ्याखाली "अॅडव्हान्स्ड" दाबून पुढे जायची चोरवाट असते. गावच्या क्लबच्या जुन्या फोटोंसाठी एखाद्या वेळी वापरलीत तर वापरा. जिथे पासवर्ड, ओटीपी किंवा आधार क्रमांक टाकायचा आहे तिथे अजिबात नाही.

अपडेट संपलंच असेल तर

काही संगणकांवर अबाउटचं पान "यापुढे अपडेट मिळणार नाहीत" असं स्पष्ट सांगतं. तिथे दोष ब्राउझरचा नसून खालच्या विंडोजचा असतो. विंडोज सात, आठ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० तिथे बसतच नाही. एक्सपी आणि व्हिस्टावर तर क्रोम ४९ वर थांबला. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून विद्यार्थ्याला मिळालेला एखादा संगणक अजून कोणाच्या घरी जपलेला असेल, तर त्यावर इंटरनेटचा नाद सोडा आणि टायपिंगला ठेवा.

विंडोज सात ते ८.१ वाल्यांनी फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही (जास्त काळ आधार मिळणारी) आवृत्ती घालून बघावी. मोझिलाने या जुन्या विंडोजसाठी तिचे सुरक्षा-दुरुस्तीचे हप्ते पुन्हा पुन्हा वाढवले. शिवाय फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःची बाळगतो, विंडोजच्या जुन्या यादीवर विसंबत नाही, त्यामुळे काही साइट त्यात उघडतात आणि दुसरीकडे अडतात. पण हा तात्पुरता टेकू आहे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत असं माझं स्पष्ट मत.

पुढची वाट मशीन बघून ठरवा. चार जीबी रॅम असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) घालून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि शहाणा पर्याय. पेन ड्राइव्हवरून तो आधी चालवून बघता येतो, डिस्कला हात न लावता. प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होतं का हे तिथेच तपासा. चवथीला घरी आलेल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला पकडून हे काम एका दुपारी होण्यासारखं आहे. मात्र त्याआधी बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्कची फाइल काढून घ्या. पासवर्डचीही फाइल काढता येते, पण ती कोणालाही वाचता येईल अशी उघडी असते. काम झाल्यावर लगेच पुसा.

विंडोज दहावाल्यांना इतकी घाई नाही. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्याच्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे.

फोनवर

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये क्रोमबरोबर "अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू" हेही अपडेट करा. कित्येक अॅप आतली पानं त्याच्या जिवावर दाखवतात, त्यामुळे अॅप बिघडलं असं वाटतं आणि जुना असतो वेबव्ह्यू. अँड्रॉइड आठ आणि नऊसाठी क्रोम १३८ वर थांबला आहे. आपल्याकडच्या आयफोनवर सगळे ब्राउझर अॅपलचंच इंजिन वापरतात, तेव्हा सफारी अडली म्हणून क्रोम घालून फरक पडत नाही. आयओएस अपडेट करणं हाच उपाय.

उलटी अडचण: साइटच जुनी असेल तर

डिजिटल सिग्नेचरचं टोकन (यूएसबीत लावायची डिजिटल सहीची किल्ली) लावून काम करणाऱ्या मंडळींना कधी कधी फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालणारं पान गाठावं लागतं. एक्स्प्लोररची ११वी आवृत्ती जून २०२२ मध्ये निवृत्त झाली, पण त्यासाठी जुनं मशीन सांभाळत बसू नका. एजच्या सेटिंगमध्ये "डिफॉल्ट ब्राउझर" उघडा, "अलाउ साइट्स टू बी रीलोडेड इन इंटरनेट एक्स्प्लोरर मोड" याला "अलाउ" करा, एज बंद करून उघडा आणि खालच्या यादीत त्या पानाचा पूर्ण पत्ता घाला. ही नोंद ३० दिवसच टिकते, मग तोच पत्ता पुन्हा घालावा लागतो.